लंडनची ट्यूब आणि बस: ऑयस्टर घ्यावं की बँकेचं कार्ड टॅप करावं?

मुंबईहून लंडनला निघालेल्या माणसाला तिथल्या ट्यूबसाठी, म्हणजे भुयारी रेल्वेसाठी, आणि बससाठी हल्ली एकच सल्ला मिळतो: ऑयस्टरच्या, म्हणजे आधी पैसे भरून वापरायच्या तिथल्या प्रवासकार्डाच्या भानगडीत पडू नकोस, आपलं क्रेडिट कार्ड टॅप कर आणि चालू लाग. सल्ला चुकीचा नाही. कामानिमित्त एकटा गेलो होतो तेव्हा मीही तेच केलं आणि कुठे अडलो नाही. पुढे आई-बाबांना घेऊन गेलो तेव्हा मात्र तिघांसाठी ऑयस्टर घेतलं. आता पुन्हा जायचं झालं तर बहुधा एकट्यासाठीही तेच घेईन.

भाड्यात फरक शोधत बसू नका. मोठ्या माणसाला दोन्हींवर सारखंच भाडं पडतं आणि दिवसभरात जास्तीत जास्त किती भाडं कापायचं याची मर्यादाही तीच. मी गेलो तेव्हा बसला 1.75 पौंड पडत होते आणि पहिल्या टॅपपासून तासाभरात कितीही बस बदलल्या तरी पुन्हा पैसे कापले जात नव्हते. बसमध्ये 2014 पासून रोख पैसे घेत नाहीत, त्यामुळे कुठलं तरी एक कार्ड हातात हवंच.

माझा निर्णय झाला तो एका नियमामुळे: एका कार्डावर एकच माणूस. बेस्टमध्ये आपण "तीन द्या" म्हणतो आणि विषय संपतो. तिथे मी माझं कार्ड टॅप करून आत गेलो की तेच कार्ड मागे आईच्या हातात देता येत नाही. प्रत्येकाच्या हातात स्वतःचं, परदेशात चालणारं कार्ड लागतं. आता आपल्याकडच्या साठी-सत्तरीतल्या जोडप्याच्या पाकिटात काय असतं ते आठवा. बाबांचं डेबिट कार्ड पेन्शनच्या खात्याचं. त्यावरचे परदेशातले व्यवहार बंद, कारण रिझर्व्ह बँकेच्या 2020 च्या नियमानुसार नव्या कार्डावर ही सोय आपण सांगितल्याशिवाय सुरूच होत नाही. आईचं कार्ड देशापुरतं. बाबांचं कार्ड सुरू करून घेता आलं असतं, पण पेन्शनचं खातं परक्या गावातल्या यंत्राला टेकवायची त्यांची तयारी नव्हती आणि मला त्यांचं म्हणणं पटलं.

ऑयस्टरने हा प्रश्नच मिटला. विमानतळावरच्या ट्यूब स्टेशनातल्या यंत्रातून तीन कार्डं काढली, प्रत्येकात थोडे पौंड भरले. पुढे बाहेर पडताना गेटच्या छोट्या पडद्यावर किती कापले आणि किती उरले ते दिसायचं. आई दर वेळी तिथे क्षणभर थांबून आकडा वाचायची, मागच्यांना वाट द्यायची आणि मला सांगायची, "अजून आहेत." आपल्याकडे किती आहेत हे स्वतःला कळणं याला माझ्या लेखी फार किंमत आहे. दुसऱ्या दिवशी दोघं माझ्याशिवाय ग्रीनिचला जाऊन आली, ती या भरवशावरच.

बँकेच्या कार्डावर ते कळत नाही. दिवसभराच्या फेऱ्या एकत्र करून रक्कम नंतर कापली जाते. त्यावर परकीय चलनाचं शुल्क लागतं, ते आपल्याकडच्या पुष्कळ क्रेडिट कार्डांवर साडेतीन टक्क्यांपर्यंत असतं, वर जीएसटी. रक्कम फार नसते, पण हिशेब लावायला मात्र त्रास होतो.

ऑयस्टरची बाजू लंगडी पडते ती कार्डाच्या किमतीत. 2022 मध्ये ती 7 पौंड झाली, नंतर आणखी वाढली, आणि ती परत मिळत नाही. दोन दिवसांसाठी एकटे जात असाल आणि तुमच्या कार्डाला परकीय चलनाचं शुल्क नसेल, तर हा खर्च करायची गरज नाही. आत भरलेली शिल्लक मात्र मुदतीने संपत नाही. आमची कार्डं नंतर मावसभावाच्या घरच्यांनी वापरली.

मुलं बरोबर असतील तर पारडं ऑयस्टरकडे आणखी झुकतं. 11 वर्षांखालची मुलं मोठ्यांबरोबर ट्यूबमध्ये फुकट जातात. 11 ते 15 वयाच्या पाहुण्या मुलांसाठी अर्ध्या भाड्याची सवलत 14 दिवसांपर्यंत ऑयस्टरवर चढवून घेता येते, स्टेशनातल्या कर्मचाऱ्याला सांगून, मूल समोर उभं करून. बँकेच्या कार्डावर ती चढत नाही. ज्येष्ठांसाठी मात्र एसटीसारखं काही धरून चालू नका, तिथली साठीपुढची मोफत सोय लंडनच्या रहिवाशांपुरती आहे.

कुठलंही कार्ड घ्या, ट्यूबमध्ये आत जाताना आणि बाहेर पडताना दोन्हीकडे टॅप करायचं, बसमध्ये फक्त चढताना. डीएलआर या पूर्व लंडनमधल्या हलक्या रेल्वेच्या अनेक स्टेशनांवर गेट नसतं, फक्त खांबावर यंत्र असतं. लोकलमधून उतरून सरळ चालू पडायची आपली सवय तिथे नडते, कारण टॅप राहिलं की कमाल भाडं कापलं जातं.

एका ठिकाणी मात्र ऑयस्टरचा नाद सोडावा लागतो. नातेवाईक लंडनच्या पश्चिमेच्या स्लाऊ किंवा रीडिंगला असतील, तर तिकडे जाणाऱ्या एलिझाबेथ लाइन या रेल्वेवर वेस्ट ड्रेटन स्टेशनच्या पुढे त्या दिशेला ऑयस्टर चालत नाही, बँकेचं कार्ड चालतं. त्या दिवशी आई-बाबांसाठी मी कागदी तिकिटं काढली आणि माझं क्रेडिट कार्ड टॅप केलं.