बेन फ्री लायब्ररी: फुकट द्यायचं, पण कुठला भाग ते बघून

पायरेटेड पीडीएफमुळे पुस्तकं खपतात की बुडतात यावर वाद घालायचा असेल ना, तर आधी ही फुकट ईबुक्सची ऑनलाइन लायब्ररी वापरून बघा. बेन म्हणजे सायन्स फिक्शन छापणारी अमेरिकन कंपनी. चोरीच्या कॉप्यांवरून लेखकांमध्ये जुंपली होती तेव्हा त्यांचा लेखक एरिक फ्लिंट याने वाद घालता घालता स्वतःची पहिली कादंबरीच साइटवर फुकट टाकली, आणि त्यातूनच २००० च्या आसपास ही लायब्ररी उभी राहिली.

वापरायला सोपी आहे, ईपब घ्या नाहीतर किंडलवाली फाइल घ्या, डीआरएमची (म्हणजे फाइल कॉपी करू न देणाऱ्या डिजिटल कुलपाची) कटकट नाही, एकदा उतरवली की कुठल्याही डिव्हाइसवर वाचा. २००२ मध्ये तर यांनी एका हार्डकव्हरसोबत ईबुक्सनी भरलेली सीडी दिली होती आणि वर लिहिलं होतं की कॉपी करा, वाटा, फक्त विकू नका!

खरी गंमत निवडीत आहे. बऱ्याचदा सिरीजचा पहिला भाग फुकट असतो, तो आवडला की पुढचे आपण गुपचूप विकत घेतो, मी तरी घेतले. पायरेटेड झिपमध्ये मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळे भाग एकदम मिळतात, मग विकत घ्यायला उरलं काय? मॅगी स्टीफव्हॅटर या अमेरिकन लेखिकेचं हेच झालं, तिच्या सिरीजच्या तिसऱ्या भागाचा खप घसरला म्हणून पब्लिशरने चौथ्याच्या प्रती निम्म्याहून कमी केल्या. मग तिने आणि भावाने चौथ्या भागाची म्हणून, त्यातली सुरुवातीची चार प्रकरणंच परत परत चिकटवलेली नकली पीडीएफ सगळीकडे पसरवली, आणि छापलेल्या प्रती दोन दिवसांत संपल्या (हे तिनेच २०१७ ला सांगितलं).

त्याच वर्षी युरोपियन कमिशनने करून घेतलेला एक जाडजूड रिपोर्टही बाहेर आला, त्यात पुस्तकांची विक्री पायरसीमुळे घटते असा ठोस पुरावा मिळाला नव्हता. पण तो सगळ्या पुस्तकांचा मिळून हिशोब झाला हो, नवख्या लेखकाचा फायदा आणि चालू सिरीजचा तोटा त्यात एकत्र मिसळून जाणार. म्हणून मला बेनची पद्धत पटते, कुठला भाग फुकट सोडायचा हे लेखकाच्या संमतीने ठरतं, स्कॅन करून टाकणारा कोणी तिसराच ठरवत नाही.

चार स्टार. एक कापला कारण अंतराळातल्या लढाया आवडत नसतील तर इथे तुमच्यासाठी फार काही नाही, आणि नवीन आलेलं पुस्तक शोधत असाल तर सरळ विकतच घ्या.