चार चॅनेलचं आरसी (रिमोटवरचं) हेलिकॉप्टर, तीन महिने वापरून: शेपटीच्या पंख्यासाठी घ्या आणि तोच जपा

दिवाळीनंतर बडोद्यात रावपुऱ्यातल्या एका दुकानातून मुलासाठी घेतलं, साडेचार हजार पडले. तीन महिने जवळजवळ रोज उडवून झालंय म्हणून आता लिहितेय, कारण घ्यायच्या आधी मला मराठीत कोणी नीट सांगणारं मिळालं नव्हतं. डब्यावर नुसतं सिंगल रोटर (वर एकच मोठा पंखा), चार चॅनेल (रिमोटवरून देता येणाऱ्या चार वेगळ्या आज्ञा), जायरो (वळणं ओळखणारा भाग) एवढंच छापलेलं, आणि दुकानदार म्हणाला बेन हे जरा अवघड आहे, दोन पंख्यांचंच घ्या.

दोन पंख्यांचं आमच्याकडे आधी होतंच. एकावर एक दोन रोटर, एक इकडे फिरतो एक तिकडे, दोघांचे झटके एकमेकांत जिरतात म्हणून बॉडी गप्प राहते, सहा वर्षांचं पोरही उडवेल. त्याला शेपटीवर पंखा असतो पण आडवा, नाक वर-खाली करण्यापुरता. रिमोट इन्फ्रारेडचा, टीव्हीच्या रिमोटसारखा, त्यामुळे धाब्यावर म्हणजे गच्चीवर उन्हात गेलं की ऐकतच नाही. चार महिन्यांत मुलाला कंटाळा आला कारण त्यात शिकण्यासारखं काही उरलं नव्हतं.

नव्याला वर एकच रोटर आणि शेपटीच्या टोकाला उभा, बोटभर पंखा. मुलाने पहिल्याच दिवशी विचारलं की आई हा उभा का लावलाय? मला सांगता येईना. माझे सासरे, आम्ही त्यांना बाबा म्हणतो, बडोद्याच्या कलाभवन या तंत्रशाळेत शिकलेले, मशीनवर आयुष्य गेलेलं, ते त्याला सरळ ओट्यापाशी घेऊन गेले. "मिक्सरवर हात ठेव आणि सुरू कर." सुरू होताना मिक्सर हाताखाली कसा हिसका देतो ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे, पण आपण कधी विचार करतो का त्याचा? बाबा म्हणाले, "मोटर पातं एका बाजूला फिरवते तेव्हा मोटर स्वतः उलटी फिरायला बघते बाळा. मिक्सरला ओटा धरून ठेवतो. हेलिकॉप्टरला हवेत कोण धरणार?" म्हणून तो उभा पंखा. शेपटीला बाजूने ढकलत राहतो आणि तो उलटा जोर तिथल्या तिथे मारतो. शेपटी जेवढी लांब तेवढ्या कमी जोरात भागतं, दाराची कडी बिजागरीपासून लांब असते ना तसं.

आणि हे एकदा कळलं की हेलिकॉप्टर बघायची नजरच बदलते. आता टीव्हीवर कुठलंही दिसलं की मुलगा आधी शेपटी बघतो. चिनूकला पुढे-मागे दोन मोठे रोटर उलटसुलट फिरतात, त्याला शेपटीचा पंखा लागतच नाही. नौदलाचं कामोव्ह आमच्या जुन्या खेळण्यासारखं, एकावर एक. काहींना शेपटीत गोल खिडकीत बसवल्यासारखा पंखा असतो, त्याला फेनेस्ट्रॉन म्हणतात. एक रोटर आणि शेपटीला एक पंखा ही मांडणी इगोर सिकोर्स्की या इंजिनिअरने अमेरिकेत 1939 साली व्हीएस-300 नावाच्या हेलिकॉप्टरमध्ये उडवून दाखवली आणि आजही बहुतेक हेलिकॉप्टरं त्याच मांडणीची आहेत.

आता मालाबद्दल. उडतं छान. रिमोट 2.4 गिगाहर्ट्झचा म्हणजे रेडिओलहरींवर चालणारा आहे, ऊन असो नसो फरक पडत नाही. बॅटरी सहा मिनिटं चालते, चार्ज व्हायला पाऊण तास, म्हणजे दुसरी बॅटरी घ्यावीच लागते. जायरो चांगला आहे, शेपटी जराशी वळली की तो ओळखून शेपटीच्या मोटरचा वेग कमी-जास्त करतो, म्हणून नाक एका दिशेला राहतं. पण एक गोष्ट कागदावर धड लिहिलेली नाही आणि आमचे चार दिवस त्यात गेले: बॅटरी जोडल्यावर हेलिकॉप्टर सपाट जागेवर ठेवायचं आणि लाइट लुकलुकायची थांबेपर्यंत हात लावायचा नाही. मुलगा हातात धरून जोडायचा, जायरोला तीच हालती अवस्था स्थिर वाटायची, आणि उडवलं की गोल फिरत जायचं. आम्हाला वाटलं पीस खराब आहे.

दुसरं, हवेत थांबलेलं असतं तेव्हा जरा उजवीकडे कललेलं दिसतं, उजवा पाय खाली. ही खोट नाही! याचा रोटर वरून बघितलं तर घड्याळाच्या काट्यांसारखा फिरतो, शेपटीचा पंखा उलटं फिरणं थांबवतो खरा पण तसं करताना अख्ख्या हेलिकॉप्टरला डावीकडे ढकलतो, म्हणून उजवीकडे थोडं झुकवूनच एका जागी राहतं. खऱ्यातही हेच होतं, रोटर उलटा फिरणारा असेल तर डावा पाय खाली. एका बाजूला झुकणाऱ्या पतंगाला दुसऱ्या बाजूने चिंधी बांधतात, तेच समजा.

थ्रॉटल, म्हणजे वरच्या रोटरचा वेग वाढवायची रिमोटवरची दांडी, झटक्यात द्यायचा नाही. खऱ्या हेलिकॉप्टरात शेपटीचा पंखा मुख्य गिअरबॉक्सला शाफ्टने जोडलेला असतो, वेग तोच राहतो आणि पायलट पेडलने पात्यांचा कोन बदलतो. इथे वेगळी छोटी मोटर आहे, तिला वेग पकडायला क्षणभर लागतो, तेवढ्यात नाक डावीकडे उडतं.

आणि तीच मोटर या मालाची खरी कमजोरी. पाचव्या आठवड्यात ती गेली. धाब्यावर दोन हात उंच उडत होतं, एकदम भोवऱ्यासारखं फिरायला लागलं, मुलगा घाबरून थ्रॉटल वाढवत गेला आणि ते आणखी जोरात फिरलं. बाबा ओरडले, "बंद कर, आधी बंद कर!" बंद केलं तसं गरगर कमी झाली आणि टाकीच्या बाजूला आपटलं, एक पातं गेलं पण बाकी वाचलं. नंतर त्यांनी सांगितलं की शेपटी निकामी झाली की खरे पायलटही इंजिनाची ताकद काढून घेतात, कारण रोटरला फिरवणारा जोरच गेला की उलटा जोरही जातो, आणि खालून येणाऱ्या हवेवर रोटर फिरता ठेवून उतरवतात. त्या दिवशी मुलाच्या हातात रिमोट थरथरत होता, पण हे तो जन्मात विसरणार नाही.

दुकानात गेले तर म्हणे मोटर वॉरंटीत येत नाही. दोनशे वीसला सुटी मिळाली, बाबांनी घरी सोल्डर केली, तारा शेपटीच्या नळीतून ओवायला अख्खी संध्याकाळ लागली. याचा मला रागच आला, ज्या भागाशिवाय हेलिकॉप्टर दोन सेकंदही सरळ राहत नाही त्याचा एक जादा पीस डब्यात द्यायला काय होतं?

दहा-अकरा वर्षांच्या आतल्यांना देऊ नका. वारा असेल तेव्हा नको, सकाळी लवकर उडवा, उत्तरायणाच्या आसपास मांजा लोंबत असतो तेव्हा तर अजिबातच नको. ज्या पोराला का, का विचारायची सवय आहे त्याला मात्र हेच घ्या, दोन पंख्यांचं नको. पैसे द्यायच्या आधी शेपटीची मोटर सुटी मिळते का तेवढं विचारा, नाही म्हणाले तर दुसऱ्या दुकानात जा.