अंध मुलांसाठी चौकोनी पट्टीवरचा चालण्याचा व्यायाम: काही महिने वापरल्यानंतर

हा व्यायाम मूळचा जपानमधला, वृद्धांचं पडणं कमी व्हावं म्हणून तयार झालेला. १०० बाय २५० सेंटीमीटरची पट्टी, तिच्यावर २५ सेंटीमीटरचे ४० चौकोन. रेघेवर पाय न देता ठरलेल्या क्रमाने पावलं टाकत पुढे जायचं. निवासी शाळेतल्या किशोरवयीन अंध मुलामुलींसाठी आम्ही तो उन्हाळ्यापासून वापरतोय. उपयोगी आहे, मात्र इथे रेघ डोळ्यांऐवजी तळव्याला कळली पाहिजे.

म्हणून जाड सतरंजीवर सुतळी शिवली. गोंदाने चिकटवलेली सुतळी पावसाळ्याच्या ओलीने सुटते, दाभणाने टाके घातलेली टिकते. जाडी तीन-चार मिलिमीटर पुरे. त्याहून जाड दोरीला अंगठा अडकतो, मग मुलं पाय उचलायचं सोडून घासत नेतात. चार चौकोन मिळतात तिथे सुतळी थोडी तोडावी, उंचवटा राहत नाही. गुळगुळीत फरशीवर सतरंजी सरकते. सारवलेली जमीन बरी, पण सुरकुत्या रोज ताणून काढाव्या लागतात. सराव अनवाणीच, त्यामुळे मे महिन्यात ऊन चढायच्या आत आटोपावा.

क्रम शिकवताना मुलांना हाताला धरून चालवू नका. पाटावर दोरा चिकटवून चार रांगांचा छोटा नमुना करा, त्यावर बोट फिरवू द्या. आडव्या ओळीतले चार चौकोन डावीकडून एक ते चार धरा. मग तोंडी सांगा: "डावा दोनमध्ये, उजवा तीनमध्ये, डावा एकमध्ये, उजवा चारमध्ये." पट्टी संपेपर्यंत हाच क्रम पुन्हा पुन्हा. न विचारता तीन फेऱ्या बिनचूक झाल्या की सहा पावलांचा, नंतर आठ पावलांचा क्रम द्या. घाईने लांबवला की मुलगा पावलागणिक थांबून आठवत बसतो आणि चालीची लय जाते.

सुरुवातीला बाजूला कमरेच्या उंचीवर दोरी बांधावी. तिला बोट नुसतं टेकवलं तरी शरीराचं डोलणं कमी होतं. मुठीत धरू दिली तर सगळा भार तिच्यावर जातो आणि तोल शिकायचा राहतो. जन्मांध मुलांत खांदे आवळलेले, पावलं आखूड, बोटांनी जमीन चाचपणं हे बहुधा दिसतं. "टाच आधी" एवढी एकच सूचना पुरे, पाच सूचना एकदम दिल्या की क्रम विसरतो. ठेक्यासाठी समोरून टाळी वाजवा. गाणं लावू नये, त्याचे शब्द आठवणीत घुसतात. टिनाच्या छपरावर पाऊस कोसळत असेल तेव्हा टाळीची दिशाच कळत नाही, त्या दिवशी दोरीवरच भागवा.

मागे चालण्याचे क्रम अगदी शेवटी, आणि मागे एक माणूस उभा असल्याशिवाय नाहीच. काचबिंदू किंवा पडदा सुटण्याचा त्रास असेल तर आधी डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारा, उड्या तर नकोतच. कान वाहत असेल, चक्कर येत असेल, तर आधी कान दाखवा. तोल बिघडण्याचं मूळ तिथेही असू शकतं.

फरक सर्वांत आधी दिसला तो एका पायावर उभं राहण्यात आणि वळताना. चालण्याचा वेग उशिरा वाढला. क्रम लक्षात ठेवणं नक्की सुधारलं, पण त्यावरून अभ्यासातल्या पाठांतराची हमी पालकांना देऊ नये. शेताचा धुरा, बैलगाडीच्या चाकोऱ्या, भेगाळलेली काळी जमीन यांचा सराव पट्टीवर होत नाही. त्यासाठी पांढरी काठी घेऊन वेगळं चालवावंच लागतं.