टामिया एक्स्ट्रा थिन सिमेंट: गोव्यातील एक उन्हाळा आणि एक पावसाळा काढल्यानंतर

प्लास्टिकची स्केल मॉडेल्स जोडणाऱ्यांना हिरव्या झाकणाच्या, गोंदाच्या या चौकोनी बाटलीची नव्याने ओळख करून देण्याची गरज नाही. ४० मिलिलिटर द्रव, झाकणालाच बसवलेला बारीक ब्रश आणि पाण्याइतका पातळपणा, एवढे सर्वांना ठाऊक असते. या ४० मिलिलिटरपैकी सांध्यात किती जाते आणि हवेत किती, याबद्दल मात्र फारसे कोणी लिहीत नाही. आणि जिथे मार्चपासून पाऊस पडेपर्यंत पंख्याखालून उठवत नाही अशा गोव्यात मला हाच हिशेब सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पुढे हा विषय पुन्हा पुन्हा येणार आहे, तेव्हा वाचकांनी सांभाळून घ्यावे.

दाबोळीच्या आयएनएस हंसा तळावरून उडणारी सी हॅरियर विमाने पाहत आमची पिढी वाढली. २०१६ साली ती नौदलातून निवृत्त झाली आणि त्यांतले एक आता वास्कोच्या नौदल विमान संग्रहालयात उभे आहे. त्यामुळे मॉडेलचा संच घ्यायचा तर एअरफिक्स कंपनीचे १/७२ प्रमाणातील सी हॅरियरच, हे ठरलेले होते. संच सहज मिळाला. गोंद मात्र पणजीच्या अठरा जून रस्त्यावरील स्टेशनरीच्या दुकानांपासून म्हापशाच्या बाजारातील हार्डवेअरपर्यंत कुठेच मिळेना. स्टेशनरीवाले फेव्हिकॉल किंवा पाच रुपयांची इन्स्टंट गोंदाची ट्यूब पुढे करीत. हार्डवेअरवाल्याने तर, “प्लास्टिकच ना, बाब? मग हे पाइपाचे सोल्युशन न्या, फुटेल पण सुटणार नाही,” असे म्हणून पीव्हीसी पाइपांचा डबाच काउंटरवर ठेवला.

त्या डब्याला एकदम नावे ठेवता येत नाहीत. मॉडेलचे तुकडे पॉलिस्टायरीनचे असतात आणि ते जोडण्यासाठी लागणारा गोंद खऱ्या अर्थाने चिकटवत नाहीच, तो प्लास्टिक विरघळवतो. दोन्ही कडांचा पृष्ठभाग मऊ होतो, दाबल्यावर दोन्हींतले पॉलिस्टायरीन एकमेकांत मिसळते आणि द्रावक उडून गेला की मागे फक्त प्लास्टिक उरते. पाइपाचे सोल्युशनही याच तत्त्वावर चालते आणि त्यातले द्रावक पॉलिस्टायरीनलाही मऊ करतात. मात्र ते काकवीसारखे दाट असते, त्याची तार निघते आणि मिलिमीटरभर जाडीच्या तुकड्यावरील पॅनेलच्या रेषा ते बुजवून टाकते. पाण्याच्या टाकीला जे योग्य ते विमानाच्या पंखाला योग्य असेलच असे नाही.

नेलपॉलिश रिमूव्हरचा सल्लाही अनेकजण देतात. त्यात बहुधा पाणी, तेल, रंग आणि सुगंध मिसळलेले असतात व हे सर्व सांध्यात शिरते, म्हणून तो मार्ग मी सोडला. शुद्ध ॲसिटोनने काम होते, पण ते ५६ अंश सेल्सियसला उकळणारे द्रव असल्यामुळे एक कड ओली करून दुसरी जवळ आणेपर्यंत पहिली कोरडी झालेली असते. एक्स्ट्रा थिनमध्ये ॲसिटोनच्या जोडीला ब्युटाइल ॲसिटेट असते आणि त्याचा उत्कलनबिंदू १२६ अंशांच्या आसपास आहे. ॲसिटोन प्लास्टिकला झटकन मऊ करते आणि ब्युटाइल ॲसिटेट सांधा जुळवण्यापुरता वेळ मिळवून देते. बाटलीची किंमत मुख्यतः या जोडीसाठी मोजावी लागते, असे माझे मत आहे.

एखादा द्रव पॉलिस्टायरीनवर चालतो की नाही, हे पाहण्याची एक फुकटची कसोटी चवथीच्या तयारीत हाती लागली. थर्मोकोल म्हणजे हवा भरून फुगवलेले पॉलिस्टायरीनच. मखराचे सुटलेले नक्षीकाम बसवण्यासाठी पुतण्याने माझ्या टेबलावरची बाटली उचलली आणि ब्रश टेकवताच पाकळीच्या जागी नखाएवढा खड्डा पडला. खड्ड्याच्या तळाशी पारदर्शक, चिकट असा एक थेंब तेवढा राहिला. घरातल्यांना वाईट वाटले, मला मात्र बाटलीतला द्रव अजून पूर्ण ताकदीचा असल्याची खात्री पटली. तेव्हापासून थर्मोकोलचा एक तुकडा मी टेबलाच्या खणातच ठेवतो. ही कसोटी फक्त होय किंवा नाही एवढेच सांगते. द्रव नाजूक कामाला चालेल का, ते सांगत नाही. पाइपाचे सोल्युशनही त्यात पहिल्या वर्गात उत्तीर्ण होते.

आता पैशांविषयी. बाटली मला पोस्टेज धरून साडेचारशेच्या घरात पडली आणि सुरुवातीचे काही आठवडे ही रक्कम मला बोचत होती, कारण पाच रुपयांत ट्यूब मिळत असताना गोंदावर एवढा खर्च करणे घरात समजावून सांगता येत नव्हते. पुढे मी कागदावर हिशेब मांडला. पाच रुपयांच्या ट्यूबमध्ये अर्धा ग्रॅम गोंद असतो, म्हणजे ग्रॅमला दहा रुपये. आणि त्यातले सायनोॲक्रिलेट, म्हणजे तो इन्स्टंट गोंद, हवेतल्या दमटपणावरच घट्ट होत असल्यामुळे जुलैच्या गोव्यात उघडलेली ट्यूब दुसऱ्या दिवशी बहुधा दगड झालेली असते. इथे मिलिलिटरला अकरा-साडेअकरा रुपये पडतात आणि एका लांब सांध्याला जेमतेम दोन-चार थेंब लागतात. हे आकडे समोर आल्यावर महागपणाची माझी तक्रार मी मागे घेतली. तिच्या जागी नवी तक्रार आली ती उडून जाणाऱ्या मालाची.

ही तक्रार कंपनीविरुद्ध नाही, द्रवाच्या स्वभावाविरुद्ध आहे. झाकण काढून बाटली टेबलावर तशीच ठेवली की बाष्पीभवन सुरू होते आणि वर पंखा असेल तर त्याला वेगही येतो. लेबलाच्या कडेला पेन्सिलने पातळीची खूण करण्याची मला सवय लागली आहे. घरचे याला वेड म्हणतात. पण दुपारभर काम केल्यावर सांध्यांना लागलेल्या थेंबांच्या मानाने पातळी किती उतरली ते या खुणेवरूनच कळते. जोडकाम सुरू असताना आता मी पंखा बंद ठेवतो, खिडकी उघडी ठेवतो आणि प्रत्येक वेळी ब्रश परत घालून झाकण टेकवतो. खिडकी काटकसरीसाठी नाही. या वाफा श्वासावाटे घेण्यासारख्या नसतात आणि पेटही चटकन घेतात, म्हणून देव्हाऱ्यातला दिवा तेवत असलेल्या खोलीत बाटली उघडू नये.

वापराविषयी सांगायचे तर पंखा बंद केल्यावर काम उलट सोपे झाले, कारण ब्रशवरचा थेंब सांध्यापर्यंत ओला पोहोचू लागला. धडाचे दोन अर्धे भाग कोरडेच जुळवून धरावेत आणि ब्रशचे टोक फटीला फक्त टेकवावे. दिव्याच्या वातीत तेल चढावे तसा द्रव केशाकर्षणाने फटीतून आपोआप धावतो. बोट मात्र फटीवर असता कामा नये, कारण द्रव बोटाखालीही तितक्याच आनंदाने शिरतो आणि प्लास्टिकवर बोटाचा ठसा उमटवतो. मास्किंग टेपच्या कडेखालीही तो असाच जातो. थोड्या वेळाने दोन्ही भाग हलकेच दाबले की सांध्यातून वितळलेल्या प्लास्टिकची केसाएवढी रेघ वर येते. ती ओली असताना पुसू नये. दुसऱ्या दिवशी पाण्याच्या पॉलिश पेपरने घासली की सांधा शोधूनही सापडत नाही आणि पुट्टीचा खर्च वाचतो. या एका गोष्टीसाठी मी बाटलीला बाकी सर्व माफ करतो.

पांढऱ्या झाकणाच्या साध्या टामिया सिमेंटविषयीचे माझे मत मध्यंतरी बदलले. त्यात पॉलिस्टायरीन आधीच विरघळवलेले असल्यामुळे ते दाट असते आणि सावकाश वाळते, म्हणून पातळ बाटली घरात असताना त्याची गरज नाही असे मी मानत होतो. सी हॅरियरच्या चाकांपाशी तो समज टिकला नाही. या विमानाची मुख्य चाके पोटाखाली एका ओळीत असतात आणि तोल सांभाळणारी लहान चाके दोन्ही पंखांच्या टोकांना. ही सगळी एकाच वेळी टेबलाला टेकली पाहिजेत, नाहीतर विमान एका कुशीवर कललेले दिसते. त्यासाठी पाय बसवल्यावर काही मिनिटे ते हलवता आले पाहिजेत आणि पातळ सिमेंट, तेही आपल्या हवेत, एवढी सवड देत नाही. दाट सिमेंट देते. म्हणून आता लांब सांधे हिरव्या झाकणाने आणि पाय, पंख व कोन सांभाळावे लागणारे सर्व भाग पांढऱ्या झाकणाने, अशी वाटणी मी केली आहे.

दुसरी हिरवी बाटली मागवली तेव्हा मात्र मनस्ताप झाला. हे द्रव ज्वलनशील असल्यामुळे ते साध्या विमान पार्सलने पाठवता येत नाही, रस्त्याने येते, आणि पावसाळ्यात घाट ओलांडून गोव्यात पोहोचायला वेळ लागतो. त्याबद्दल माझी तक्रार नाही. परराज्यातील ज्या ऑनलाइन दुकानाने ती पाठवली, त्याने बाटली आडवी ठेवून वरून नुसता बबल रॅप गुंडाळला होता. पार्सल उघडताच वास आला, लेबलाची शाई पसरलेली होती आणि पातळी निम्म्यावर होती. तक्रार केल्यावर अनबॉक्सिंगचा व्हिडिओ मागितला गेला. तो नाही म्हटल्यावर फोटो मागितले, आणि फोटो पाठवल्यावर उत्तर आले की ज्वलनशील माल कुरिअर परत नेत नाही, त्यामुळे बदलूनही देता येत नाही. जो माल कुरिअर इकडे आणू शकते तो परत का नेऊ शकत नाही, या माझ्या प्रश्नाला शेवटपर्यंत उत्तर मिळाले नाही. बऱ्याच पत्रव्यवहारानंतर शंभर रुपयांचे कूपन मिळाले, तेही हजारावरील खरेदीलाच लागू. त्यांच्याकडे हजार रुपयांचे घेण्यासारखे काही दिसले नाही, म्हणून ते तसेच पडून आहे.

या भांडणातून माझे लक्ष पुन्हा झाकणाकडे वळले. ब्रश बाटलीच्या तोंडावर निपटला की त्यावरचे विरघळलेले प्लास्टिक आट्यांत साचून वाळते आणि मग झाकण पूर्ण बसत नाही. यावर उपाय त्याच म्हापशाच्या हार्डवेअरवाल्याकडे मिळाला: नळाच्या आट्यांवर गुंडाळतात ती टेफ्लॉन टेप. टेफ्लॉनवर ॲसिटोनचा परिणाम होत नाही. तोंडाच्या आट्या कापडाने स्वच्छ पुसून टेपचे दोन वेढे दिले आणि झाकण घट्ट लावले. त्यानंतर कामाचे दिवस सोडले तर पेन्सिलची खूण आणि द्रवाची पातळी एकमेकांना सोडत नाहीत. सरत्या पावसाळ्यात बरेच दिवस काम बंद होते, तरीही बाटली जशीच्या तशी राहिली. वीस रुपयांच्या त्या रिळाने मला जे समाधान दिले त्यापुढे कूपन काहीच नाही.

उरलेल्या दोन गोष्टी थोडक्यात. कॉकपिटची पारदर्शक काच या सिमेंटने बसवण्याच्या फंदात पडू नये, एक ओघळ गेला की काच कायमची डागाळते. सायनोॲक्रिलेटही नको, त्याच्या वाफांनी काचेवर पांढरट धुके बसते. तिथे साधा पांढरा फेव्हिकॉल टाचणीच्या टोकाने लावावा, तो वाळल्यावर पारदर्शक होतो आणि चुकून बाहेर आला तर ओल्या कापडाने पुसता येतो. तसेच रंगवलेल्या कडा आधी खरवडून घ्याव्यात, कारण सिमेंटला खालचे प्लास्टिक मिळाले नाही तर सांधा फक्त रंगाच्या थरावर धरतो आणि पुढे हात लागताच सुटतो.

याच मालिकेतील क्विक सेटिंगची बाटली घ्यावी का, असे विचारणाऱ्यांनी थंड प्रदेशातील लोकांचे कौतुक वाचून ती मागवू नये. गोव्यात मे महिन्यात साधे एक्स्ट्रा थिनच पुरेसे घाईचे असते. त्याहून जलद वाळणाऱ्या द्रवासाठी जास्त पैसे मोजण्याचे मला तरी कारण दिसत नाही.