मैत्रिणीने नेलेली पैठणी जळाली: सोडून द्यायचं, मागायचं की भांडायचं?

गेल्या वैशाखात एका मैत्रिणीने भाच्याच्या मुंजीसाठी माझी पैठणी नेली. आठ दिवसांत परत आली ती व्यवस्थित घडी घालून, मलमलीत गुंडाळून. मी तशीच कपाटात ठेवली. गौरींना नेसायला काढली तेव्हा पदरावरच्या मोराखाली वाटाण्याएवढं भोक दिसलं. कडा काळपट, बोट लावलं की भुगा होणाऱ्या. रेशीम केसासारखं जळतं, त्यामुळे हे फाटलेलं नसून उदबत्तीने किंवा निखाऱ्याने जळलेलं आहे हे लगेच कळलं. आणि ते भोक घडीच्या बरोबर आतल्या बाजूला होतं. मला साडीपेक्षा ती घडी जास्त लागली.

त्यानंतरचे पंधरा दिवस मी काय करावं याचाच विचार करत होते. त्याच सुमारास माझ्या भावाची स्कूटर त्याच्या मित्राने पाडून आणली होती, म्हणून दोन्ही प्रकरणं शेजारी ठेवून बघता आली. असाच पेच पडलेल्यांसाठी ते इथे मांडते.

सोडून देणं हा आपल्याकडचा पहिला आणि सर्वात सोपा वाटणारा मार्ग. पाच-सातशे रुपयांची वस्तू असेल, समोरच्याने लगेच सांगितलं असेल, त्याची ओढाताण आपल्याला माहीत असेल, तर सोडावं, मनापासून सोडावं. मी मात्र स्वतःला एक प्रश्न विचारला: उद्या ती काहीही मागायला आली तर मी देईन का? उत्तर ‘नाही’ असं आलं. म्हणजे मी सोडलेलं नव्हतं, नुसती गप्प बसले होते. अशी गप्प राहिलेली माणसं पुढे लग्नकार्यात एकमेकींकडे पाठ करून बसतात, आणि का ते कोणालाच कळत नाही. त्यापेक्षा पैसे मागणं मला जास्त मैत्रीचं वाटतं.

मागायचं ठरलं की खरा निर्णय असतो तो काय मागायचं याचा: दुरुस्तीचा खर्च की वस्तूची किंमत? भावाच्या बाबतीत हे सोपं होतं. आरसा, हँडल, पुढचं पॅनेल. गॅरेजवाल्याने कागदावर आकडे लिहून दिले, मित्राने भरले. कागदावरच्या आकड्यात कोणाचा मान-अपमान नसतो. म्हणून दुरुस्त होणारी वस्तू असेल तर दुरुस्तीचं बिलच मागावं, आणि जमल्यास ‘तूच करून आण’ म्हणावं. नवी वस्तू मागणं न्यायाचंही नाही. पाच वर्षं वापरलेल्या कॅमेऱ्याच्या बदल्यात नवा कोरा कॅमेरा मागितला तर आपण भरपाई घेत नाही, फायदा घेतो. वस्तू दुरुस्तीपलीकडे गेली असेल तर तशीच जुनी बाजारात कितीला मिळते, तो आकडा धरावा.

पैठणीचं तसं नाही. हातमागाच्या पैठणीचा पदर दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो, उलट-सुलट नसते, त्यामुळे तिथलं रफू झाकायला जागा राहत नाही. चांगला रफूवाला त्याच साडीच्या आत खोचल्या जाणाऱ्या टोकातून धागे काढून भोक विणतो, तरी जवळून बघणाऱ्याला कळतं. म्हणजे रफूचा खर्च मिळाला तरी साडी पूर्वीची होत नाही. अशा वेळी मी रफूच मागावं आणि उरलेलं दुःख आपलं मानावं, या मताची आहे. आईने दिलेली होती, पहिल्या मंगळागौरीला नेसले होते, याची किंमत कोणी लावून देत नाही. कोर्टही देत नाही.

कायद्याचं म्हणाल तर तो आहे, आणि वाचण्यासारखा आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्यात कलम १४८ पासून, परत देण्याच्या बोलीवर दुसऱ्याच्या ताब्यात दिलेल्या वस्तूंबद्दल नियम आहेत. पैसे न घेता दिलेली वस्तूही त्यात येते. कलम १५१ म्हणतं की साधा शहाणा माणूस स्वतःच्या तशा वस्तूची घेईल तेवढी काळजी नेणाऱ्याने घ्यायची. तेवढी घेऊनही नुकसान झालं तर, वेगळं काही ठरलेलं नसल्यास, कलम १५२ प्रमाणे तो जबाबदार नाही. म्हणून ‘किती नुकसान झालं’ याच्या आधी ‘कसं झालं’ हे विचारायला हवं. उभ्या स्कूटरला मागून कोणी ठोकलं आणि मित्राने ती पावसात भरधाव नेली, या दोन गोष्टी सारख्या नाहीत.

कलम १५४ मध्ये घोड्याचं एक उदाहरण आहे. एकाने दुसऱ्याला फक्त त्याच्या स्वतःच्या वापरासाठी घोडा दिला. त्याने तो घरातल्या दुसऱ्याला दिला. त्या तिसऱ्याने जपून चालवला, तरी घोडा पडून जायबंदी झाला. भरपाई नेणाऱ्याने द्यायची. घोड्याच्या जागी स्कूटर ठेवा, ‘जरा मेहुण्याला दिली होती’ हे वाक्य आठवेल. उलट बाजूही आहे. घोडा अवखळ आहे हे ठाऊक असून सांगितलं नाही आणि नेणारा पडला, तर कलम १५० प्रमाणे देणारा जबाबदार. ब्रेक ढिले आहेत हे माहीत असून किल्ली दिली असेल, तर भरपाई मागण्याआधी स्वतःकडे बघा.

गाडीच्या बाबतीत विम्याचा पर्यायही असतो. नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर आपल्या गाडीच्या नुकसानीचा एक रुपयाही मिळत नाही. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा असेल तर तुमच्या परवानगीने मित्र चालवत असतानाही दावा करता येतो, पण त्याच्याकडे लायसन्स हवं. मात्र एका दाव्याने नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल विम्याच्या हप्त्यात मिळणारी सूट, जाते; ती पहिल्या वर्षाला २० टक्के आणि पाच वर्षं दावा न केल्यास ५० टक्क्यांपर्यंत असते. त्यामुळे किरकोळ नुकसानीला मित्राने खिशातून देणं आणि मोठ्या नुकसानीला विम्याचा दावा करून गेलेल्या बोनसचा फरक मित्राने भरणं, हे मला दोघांनाही परवडणारं वाटतं.

पोलीस आणि ग्राहक आयोग यांच्याकडे जाण्यात अर्थ नाही. चुकून झालेलं नुकसान गुन्हा होत नाही, आणि मोबदला न घेता दिलं तिथे ग्राहकच कोणी नसतो. दिवाणी दावा तीन वर्षांच्या आत करता येतो, पण साडीसाठी वर्षानुवर्षं तारखा कोण घालणार? रक्कम खरंच मोठी असेल, लॅपटॉप किंवा कॅमेऱ्याची लेन्स, तर तालुका विधी सेवा समितीकडे दाव्याआधीच अर्ज करून प्रकरण लोकअदालतीत नेता येतं. कोर्ट फी नाही, झालेली तडजोड कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखी बंधनकारक, त्यावर अपील नाही. स्त्रियांना मोफत वकील मिळायला उत्पन्नाची अटही नाही. फक्त समोरचा आला आणि कबूल झाला तरच तडजोड होते. त्याआधी दोघांनाही मानणारं एखादं माणूस मध्ये घालावं. एकच, ग्रुपवर टाकू नये. ग्रुपवर गेलेल्या भांडणात माघार घेणं दोघांनाही जड जातं.

वेळेचं मात्र मला महागात पडलं. भावाने त्याच संध्याकाळी फोटो काढले, बोलणं दोन दिवसांत संपलं. मी चार महिन्यांनी बोलणार होते. भोक तिच्याकडेच पडलं हे मी सिद्ध करू शकले नसते. परत घेताना तिच्यासमोर घडी उघडायला मला संकोच वाटला होता.

शेवटी मी फोटो पाठवला आणि लिहिलं, “अगं, गौरींना पैठणी काढली तेव्हा हे दिसलं. मुंजीत काही झालं होतं का? रफू करून घ्यायचंय, खर्च तू दे असं मला वाटतं. आधी सांगितलं असतंस तर बरं वाटलं असतं.” तासाभराने तिचा फोन आला. आधी ती रडली. मग म्हणाली, होमाजवळ बसले होते, घरी आल्यावर दिसलं, तुला तोंड कसं दाखवू कळेना. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी मिळून पेठेतल्या रफूवाल्याकडे गेलो. त्याने पदर उजेडात धरला, आतल्या टोकाचे चार धागे सुईने उचलून बघितले आणि पंधरा दिवस लागतील म्हणाला. पैसे तिने दिले.