व्हिनाइल कटरचं माप चुकतंय: दुरुस्ती मशीनमध्ये करावी की सॉफ्टवेअरमध्ये?

व्हिनाइल कटर म्हणजे स्टिकरची चिकट प्लास्टिक फिल्म संगणकावरच्या आकृतीनुसार कापणारं यंत्र. त्याला १००० मिलिमीटरची रेघ कापायला सांगितली आणि पट्टी लावली तर भरली ९९७. ही तूट भरून काढायला दोन जागा आहेत. एक, कटरच्या स्वतःच्या मेनूतलं अंतराचं कॅलिब्रेशन, म्हणजे माप जुळवणं. दुसरी, ज्या सॉफ्टवेअरमधून काम पाठवता तिथलं स्केल. गणित दोन्हीकडे एकच: १००० भागिले ९९७, म्हणजे १००.३ टक्के. निवड चुकली की त्रास पुढे होतो.

पण आधी खात्री करा, चूक खरंच मापाची आहे का. ड्रॅग ब्लेडचं, म्हणजे मालावरून ओढलं जाताना आपोआप वळणाऱ्या पात्याचं, टोक फिरण्याच्या अक्षापासून जरा बाजूला असतं, बहुधा ०.२५ मिलिमीटर. हा ऑफसेट कमी दिला तर कोपरे गोलसर येतात, जास्त दिला तर कोपऱ्याला शिंग फुटतं. अशा वेळी स्केलशी खेळून काहीच साधत नाही, कारण ही चूक बोटभर अक्षरातही तेवढीच आणि मीटरभर फलकातही तेवढीच. मापाची चूक मात्र लांबीबरोबर वाढत जाते. आणि तीच रेघ तीनदा कापून तीन वेगळी मापं आली, तर कॅलिब्रेशनचं नावच काढू नका. माल घसरतोय. पिंच रोलर (माल दाबून धरणारी चाकं) पुसा, त्यांचा दाब आणि जागा बघा, रोल आधीच थोडा सैल सोडून ठेवा.

मोजायचं तेही लांब रेघेवर. डोळ्यांनी पट्टी वाचताना अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे होतोच. १०० मिलिमीटरच्या चौकोनावर ही अर्ध्या टक्क्याची गफलत ठरते, म्हणजे जी चूक शोधतोय तिच्याहून मोठी. १००० वर तीच ०.०५ टक्के.

आता मशीनची बाजू. तिथे एकदा दुरुस्ती केली की काम कुठल्याही सॉफ्टवेअरमधून, कुठल्याही संगणकावरून आलं तरी माप तेच. दोन-तीन जण एकच कटर वापरत असतील तर मी डोळे झाकून हाच मार्ग सांगेन. उणीव एवढीच की साध्या कटरमध्ये ही सोय नसतेही, आणि फॅक्टरी रीसेट केलं की आकडे गेले. दोन्ही दिशांचे आकडे वेगवेगळे देता येतात का, तेही पाहा. माल पुढेमागे सरकतो ती दिशा आणि कॅरेज (पातं धरणारा भाग) धावतं ती दिशा, दोघांची चूक सारखी असेलच असं नाही.

सॉफ्टवेअरमधली दुरुस्ती सामग्रीनुसार वेगळी ठेवता येते. पातळ कास्ट व्हिनाइल आणि जाड, मखमली फ्लॉक रोलरखालून सारखे सरकत नाहीत, म्हणून रोज माल बदलणाऱ्याला हे सोयीचं. धोका विसरण्याचा: त्या मालाचं प्रोफाइल (साठवलेली सेटिंग) निवडायचं राहिलं की अख्खा रोल चुकीच्या मापात. दुरुस्ती दोन्हीकडे केली तर ती दुप्पट लागते, आणि मग चूक सापडता सापडत नाही.

एक खास खूण सांगतो. तूट नेमकी १.६ टक्क्यांच्या आसपास असेल, तर मशीनला हात लावू नका. एचपीजीएलमध्ये, म्हणजे कटरला हुकूम द्यायच्या भाषेत, एका इंचाला १०१६ एकक असतात. ड्रायव्हरमध्ये १००० पडलं असेल तर बरोबर एवढंच कमी भरतं. तो आकडा बदलला की प्रश्न मिटला.

छापून कापायचं काम असेल तर हिशोब निराळा. ऑप्टिकल सेन्सर असलेला कटर छापलेल्या खुणांमधलं अंतर स्वतः मोजतो आणि कापणी त्यानुसार ताणतो, त्यामुळे प्रिंटरची चूकही सांभाळली जाते. इथे स्केलपेक्षा सेन्सर आणि पात्यामधलं अंतर जुळवणं महत्त्वाचं: छापलेल्या खुणेवरून कापा, रेघ किती सरकली ते मोजा, तेवढा आकडा भरा. लेझर बिंदू हाताने खुणेवर आणायचा प्रकार थोड्या कामाला चालतो, पण खूण गाठणारे डोळे तुमचे, आणि दिवसाच्या शेवटी ते सकाळसारखे नसतात. तरी चकचकीत लॅमिनेशनवर किंवा होलोग्राफिक फिल्मवर सेन्सर खूणच ओळखेना, तेव्हा मी लेझरच वापरतो, किंवा खुणेच्या जागेवर मॅट पारदर्शक टेप चिकटवून सेन्सरला पुन्हा एक संधी देतो.