मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट (डेस्कटॉप आवृत्ती) : बांधकामाच्या नियोजनासाठी कितपत उपयोगी?

बांधकामाचे वेळापत्रक कोलमडले की दोष मजुरांच्या टंचाईला, पावसाला किंवा उशिरा आलेल्या स्टीलला दिला जातो. इमारतींच्या कामांसाठी मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट हे वेळापत्रक आखण्याचे सॉफ्टवेअर दीर्घकाळ वापरल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, बहुतेक वेळापत्रके कागदावर उतरतानाच बिघडलेली असतात; कारण ताबा देण्याची तारीख आधी ठरते आणि मधली कामे तिच्यात कशीबशी कोंबली जातात.

ही सवय मोडण्याची ताकद या सॉफ्टवेअरमध्ये आहे. सेंटरिंगनंतर (काँक्रीटचा साचा व टेकू उभारल्यानंतर) सळई, सळईनंतर काँक्रीट असे कामांचे परस्परावलंबन भरले की तारखा ते स्वतः काढते आणि कोणत्या साखळीतील उशीर संपूर्ण प्रकल्पाला मागे ढकलेल, हे दाखवते. १९५० च्या दशकाच्या अखेरीस ड्यूपॉन्ट कंपनीत आकाराला आलेली क्रिटिकल पाथ पद्धत ती हीच. मात्र सुरुवातीच्या रकान्यात कोणी हाताने तारीख लिहिली, तर त्या तारखेआधी काम सुरू होऊ नये असे बंधन तयार होते, आणि आधीचे काम लवकर आटोपले तरी त्याचा लाभ पुढच्या कामाला मिळत नाही. अशा तारखांनी भरलेला बार चार्ट (कामांचा कालावधी आडव्या पट्ट्यांनी दाखवणारा तक्ता) देखणा दिसतो, पण त्यातला हिशेब संपलेला असतो. २०१० च्या आवृत्तीपासून नवी कामे मुळातच हाताने तारखा देण्याच्या पद्धतीत येतात. ती मांडणी पहिली नोंद करण्यापूर्वीच बदलून घ्यावी.

मला सर्वांत मोलाची वाटते ती कॅलेंडरची सोय, आणि दुर्लक्षही तिच्याकडेच होते. मूळ कॅलेंडर सोमवार ते शुक्रवार, रोज ८ तासांचे असते. त्यात गणपती नाहीत, दिवाळीला गावी जाणारे मजूर नाहीत आणि पायाच्या खोदाईला नको असलेले जून ते सप्टेंबरही नाहीत. खोदाईसारख्या कामाला स्वतंत्र कॅलेंडर जोडता येते, ते जोडलेच पाहिजे. क्युरिंगचे, म्हणजे काँक्रीट पक्के होऊ देण्याच्या काळाचे, उलट आहे. आयएस ४५६ या काँक्रीटसाठीच्या भारतीय मानकानुसार, साध्या पोर्टलंड सिमेंटच्या साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या (दोन आधारांमधील अंतराच्या) स्लॅबखालील टेकू किमान ७ दिवस ठेवायचे असतात, मोठ्या गाळ्यासाठी १४. रविवारी साइट बंद असली तरी काँक्रीट घट्ट होतच राहते, म्हणून हे अंतर कामाच्या दिवसांत न देता सलग दिवसांत द्यावे. तशी तरतूद येथे आहे.

स्वतःच्या कामाला लागणारा वेळ माणूस कमीच धरतो, हे मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्व्हर्स्की यांनी १९७९ मध्ये मांडले. यावर उपाय म्हणजे मागच्या इमारतीत प्लॅस्टरला प्रत्यक्षात किती दिवस लागले, ते पाहून नवा अंदाज करणे. येथे एकूण ११ बेसलाइन (त्या-त्या वेळच्या वेळापत्रकाच्या गोठवलेल्या प्रती) जतन करता येतात आणि मूळ अंदाज व प्रत्यक्ष काम शेजारी शेजारी पाहता येते. तारखा बदलल्या की पहिल्या बेसलाइनवरच नवी चढवण्याची प्रथा अनेक कचेऱ्यांत आहे. तिने हा पुरावाच नष्ट होतो.

त्रुटीही आहेत. मॅकसाठी आवृत्ती नाही आणि परवाना नसलेल्या साइट इंजिनिअरला या सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडता येत नाही. मुकादमासाठी पुढच्या तीन आठवड्यांची कामे वेगळी काढून छापावी लागतात. एका बंगल्यासाठी हा खर्च मी सुचवणार नाही. बहुमजली कामासाठी अवश्य घ्यावे, पण दर आठवड्याला साइटवर जाऊन प्रत्यक्ष प्रगती नोंदवणारा माणूस नेमल्यानंतरच.